कंबरेचं चाचणी-इंजेक्शन : घरी जाऊन झोपू नका

कंबरदुखीसाठी आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आधी एक चाचणीचं इंजेक्शन सुचवलं जातं. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "डॉक्टर, संध्याकाळपर्यंत छान होतं, रात्री परत दुखायला लागलं. इंजेक्शन फेल गेलं." फेल गेलेलं नसतं. ते तेवढ्याच वेळासाठी दिलेलं असतं. पत्रक मुख्यतः त्यासाठीच छापलं आहे.

मणक्याच्या मागच्या बाजूला लहान लहान सांधे असतात, त्यांना फॅसेट म्हणतात. वाकून सरळ होताना, कूस बदलताना किंवा ओट्यापाशी उभं राहून कंबर भरून येत असेल आणि पायात कळ जात नसेल, तर संशय या सांध्यांवर जातो. पण फक्त संशयच. एमआरआयमध्ये झिजलेले फॅसेट काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसतात, म्हणून "रिपोर्टमध्ये सगळं आलंय, मग चाचणी कशाला?" याचं उत्तर असं की झीज फोटोत दिसते, दुखणं दिसत नाही. सांध्याकडून दुखण्याचा निरोप नेणारी बारीक नस काही तास बधिर करून पाहणं, हाच खात्रीचा मार्ग.

प्रत्येक फॅसेटला दोन नसा येतात. त्यामुळे एका बाजूचे खालचे दोन सांधे तपासायचे तर तीन ठिकाणी सुई लागते. "सांधे दोन, सुया तीन" हा हिशेबाचा घोळ नाही. सी-आर्मच्या एक्स-रेवर जागा पाहून प्रत्येक ठिकाणी जेमतेम अर्धा मिली औषध सोडतो. जास्त सोडलं तर ते शेजारच्या नसांवर पसरतं आणि मग नक्की कशाने बरं वाटलं ते कळत नाही. औषध म्हणजे लिग्नोकेन किंवा बुपिव्हॅकेन, दात काढताना देतात त्याच जातीचं. पहिल्याचा असर एक-दोन तास, दुसऱ्याचा त्याहून जास्त. चाचणीच्या सुईत आम्ही स्टेरॉइड घालत नाही.

आता चूक कुठे होते ते. माणूस सकाळी "प्रवासात त्रास नको" म्हणून पेनकिलर घेऊन येतो, सुई झाल्यावर रिक्षाने घरी जातो, नातेवाईक सक्तीची विश्रांती देतात आणि तो चार तास झोपतो. उठतो तोवर औषध उतरलेलं असतं. दुखण्याचे आकडे लिहायला दिलेला तक्ता कोरा, किंवा रात्री आठवून भरलेला. अशा चाचणीतून काहीच निष्पन्न होत नाही. ती पुन्हा करावी लागते, तुमचा दिवस जातो आणि पैसेही.

म्हणून आदल्या रात्रीपासून डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, ट्रॅमाडॉल किंवा पॅरासिटामॉल घेऊ नका. एटोरिकॉक्सिब अंगात जास्त वेळ टिकतं, ते दोन दिवस आधीच थांबवा. मलम, पट्टी, शेक त्या सकाळी नको. मात्र नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन, गाबापेन्टिन, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन चालू असेल तर नेहमीसारखंच घ्या, ही औषधं एकदम तोडायची नसतात. बीपीची आणि साखरेची औषधंही नेहमीप्रमाणे. रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नका. या चाचणीसाठी ती बहुधा थांबवावी लागत नाही. एपिड्युरलसाठी (मणक्याच्या पोकळीत नसांभोवती देतात ते इंजेक्शन) काही दिवस थांबवावी लागते, पण किती दिवस ते तुमचे हृदयरोगतज्ज्ञ आणि आम्ही मिळून ठरवतो.

त्या सकाळी दुखणं दहापैकी (शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य) चारपेक्षा कमी असेल तर निघण्याआधी फोन करा, तारीख पुढे ढकलू. न दुखणाऱ्या कंबरेत सुई टोचून कमी काय झालं ते मोजणार कसं?

सुईनंतर अर्धा तास इथेच बसवून तुम्हाला चालायला लावतो. एखाद्या वेळी पाय थोडा जड वाटतो, तो उतरेपर्यंत आधार घ्या. त्या दिवशी स्वतः दुचाकी चालवू नका, बरोबर कुणीतरी असू द्या. मग पुढचे सहा तास जे केल्याने दुखतं तेच करायचं : ओट्यापाशी वीस मिनिटं उभं राहणं, मागे वाकणं, जिना, खाटेवर कूस बदलणं. वजन मात्र उचलू नका. दर अर्ध्या तासाला घड्याळ बघून दहापैकी आकडा लिहा आणि शेजारी काय करत होता तेही. "बरं वाटलं" एवढंच लिहिलेला तक्ता आम्हाला निरुपयोगी आहे. "साडेबारा, भाकरी थापत उभी, ७ वरून २" हे कामाचं.

झोपेचं इंजेक्शन देऊन करा, असा आग्रह काही जण धरतात. चाचणीत आम्ही ते टाळतो. गुंगीत असलेला माणूस आकडा नीट सांगू शकत नाही आणि गुंगीच्या औषधानेही दुखणं दबतं. कातडी आधी बधिर करतो, त्यामुळे चिमटा बसल्यासारखं होतं, त्यापलीकडे फारसं नाही.

दुखणं किमान निम्म्याने, शक्यतो ८० टक्के कमी झालं तर पुढची पायरी रेडिओफ्रीक्वेन्सी. त्याच नसेलगत सुईचं टोक ठेवून साधारण ८० अंश सेल्सिअसला दीड मिनिट उष्णता देतात, म्हणजे ती नस दुखण्याचा निरोप नेत नाही. आधी कमी वारंवारतेचा प्रवाह सोडून पाय उडत नाही ना, हे तपासतो. पहिला-दुसरा आठवडा तिथे चरचरतं, तेव्हा घाबरून जाऊ नका. आराम बहुतेकांना सहा महिने ते वर्षभर टिकतो. नस पुन्हा वाढते, तेव्हा पुन्हा करता येतं. "कायमचं बरं" असं आम्ही कुणाला लिहून देत नाही. त्या महिन्यांत पाठीच्या स्नायूंचा व्यायाम करून घ्यायचा असतो, म्हणून फिजिओथेरपिस्टची पहिली भेट आम्ही त्याच पॅकेजमध्ये ठेवली आहे.

फरक पडला नाही, तर न लागणाऱ्या रेडिओफ्रीक्वेन्सीचा खर्च वाचला असं समजा. मग माकडहाडाजवळचा सांधा, खुबा, मणक्यांमधली गादी किंवा स्नायू तपासतो. गादीने नस दाबून पायात कळ जात असेल तर एपिड्युरल स्टेरॉइडचा विचार होतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, घरचं ग्लुकोमीटर हाताशी ठेवा. नसांच्या दुखण्याच्या गोळ्यांना दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. तीन दिवसांत सोडून "लागू पडली नाही" म्हणू नये.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीची जागा बधिर पडणे, पाऊल उचलता न येणे, कंबरदुखीबरोबर ताप : यातलं काही दिसलं तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, सरळ मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

येताना एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी आणा, नुसता रिपोर्ट नको. चालू औषधांच्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून आणा. चाचणीचा तक्ता दुसऱ्या दिवशी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तरी चालेल. तो वाचून पुढचं सांगायला वेगळी फी नाही.