अ‍ॅव्हलॉनचा पत्ता एका गाण्यात होता : मिसिसिपी जॉन हर्ट यांच्या दोन कारकिर्दी

डिसेंबर १९२८. न्यूयॉर्कमध्ये ओके रेकॉर्ड्सच्या ध्वनिमुद्रणासाठी आलेला एक कृष्णवर्णीय शेतमजूर घरच्या आठवणीने कासावीस झाला होता. त्याने आपल्या गावावर गाणं रचलं : न्यूयॉर्क चांगलं आहे, पण माझ्यासाठी नाही, माझं गाव अ‍ॅव्हलॉन, ते सारखं मनात असतं. ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ या नावाने ते मुद्रित झालं. पुढे जे काही घडलं ते या गाण्यात गावाचं नाव होतं म्हणून घडलं.

जॉन हर्ट मिसिसिपी राज्यातल्या कॅरोल काउंटीचे. अ‍ॅव्हलॉन ही तिथली छोटीशी वस्ती. मिसिसिपी नदीकाठच्या, डेल्टा नावाच्या प्रदेशाची सपाट कापसाची जमीन संपते आणि टेकड्या सुरू होतात, त्या सीमेवर ती वसलेली. भूगोलाचा हा तपशील महत्त्वाचा आहे. डेल्टाचा ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं, म्हटला की खरखरीत, आतून फुटणारा आवाज आणि तारांवर घासत जाणारी काचनळी डोळ्यांसमोर येते. हर्ट यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांचा आवाज मऊ, जवळ बसून बोलल्यासारखा.

गिटार ते लहानपणी आपले आपणच शिकले. नऊ-दहा वर्षांचे असताना आईने दीड डॉलरला एक जुनी गिटार घेऊन दिली होती. अंगठा खर्जाच्या तारांवर आळीपाळीने, घड्याळासारखा ठेका धरतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात. ती चाल ठेक्यावर नेमकी पडत नाही. जराशी आधी किंवा जराशी नंतर पडते आणि त्यामुळे सगळं वाजवणं डोलू लागतं. नुसतं ऐकलं तर दोघे जण वाजवत आहेत असं वाटतं. हे वादन नाचासाठी घडलं होतं. शनिवारी रात्री शेजारपाजारच्या लोकांना नाचवायला एकट्या माणसाच्या हातून ठेका आणि चाल दोन्ही निघायला हवं.

अशाच नाचांत ते कधीकधी विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाला (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) साथ करत. गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या त्या मिसिसिपीत ही साथ सहज चालत असे, हे मला फार बोलकं वाटतं. रेकॉर्ड कंपन्यांनी मात्र काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या संगीताच्या याद्याच वेगळ्या केल्या होत्या. नार्मर यांना एका स्पर्धेत ओकेसाठी ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली आणि त्यांनी कंपनीच्या टॉमी रॉकवेलला शेजारच्या हर्ट यांचं नाव सुचवलं. फेब्रुवारी १९२८ मध्ये मेम्फिसला पहिलं ध्वनिमुद्रण झालं, डिसेंबरात न्यूयॉर्कला दुसरं. नावाआधीचं ‘मिसिसिपी’ हे कंपनीने खप वाढावा म्हणून लावलेलं बिरूद. त्या वर्षातली तेरा गाणी आज ऐकायला मिळतात. पहिली कारकीर्द एवढीच.

खप बेताचाच झाला, मग महामंदी आली. हर्ट अ‍ॅव्हलॉनला परतले आणि दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करू लागले. वाजवणं सुटलं नाही; ते पुन्हा शेजाऱ्यांपुरतं झालं, इतकंच.

१९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी जुन्या तबकड्यांमधून अमेरिकी लोकसंगीताचा संग्रह काढला. त्यात हर्ट यांची ‘फ्रँकी’ आणि ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ ही दोन गाणी होती. दुसरं गाणं त्यांनी रेल्वेच्या रुळांवर काही महिने काम करताना एका सोबत्याकडून उचललं होतं. वाफेच्या यंत्राशी शर्यत लावून हातोडा चालवता चालवता मेलेल्या जॉन हेन्री या रेल्वे मजुराची कथा अमेरिकेत वीरकथा म्हणून गायली जाते. इथला मजूर म्हणतो, या हातोड्याने त्याला मारलं, मला नाही मारणार, आणि काम टाकून चालू लागतो. इतक्या हळू आवाजात इतका ठाम नकार मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात ऐकलेला नाही.

हा संग्रह ऐकून तरुण पिढी गिटार शिकली, आणि हा गायक केव्हाच वारला असेल असं धरून चालली. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स या तरुण संग्राहकाने गाण्यातला अ‍ॅव्हलॉन शोधायला घेतला. नव्या नकाशांत नाव नव्हतं, जुन्या अ‍ॅटलासमध्ये सापडलं. गावातल्या दुकानापाशी चौकशी केली तर लोकांनी सरळ टेकडीकडे बोट दाखवलं : तिसरी टपालपेटी. सत्तरीतले हर्ट तिथेच राहत होते. आलेला गोरा माणूस सरकारी असावा म्हणून ते आधी घाबरले. घरात तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती. पाहुण्याची घेऊन वाजवली आणि ओळख पटली.

याला ‘पुनर्शोध’ म्हणतात. मला तो शब्द खटकतो. दुकानापाशी बसलेल्यांना ते कधीच हरवलेले नव्हते. हरवले होते ते तबकड्या विकणाऱ्यांना आणि जमवणाऱ्यांना.

पुढची तीन वर्षं मात्र भरभरून आली. त्याच जुलैत लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रण, न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सव, मग वॉशिंग्टनमध्ये मुक्काम, महाविद्यालयं, कॉफीगृहं, व्हॅनगार्ड कंपनीसाठी नव्या तबकड्या. पुढच्याच वर्षी स्किप जेम्स आणि सन हाउस हेही जुने गायक असेच सापडले. मात्र पस्तीस वर्षांपूर्वीचं गाणं जवळजवळ जसंच्या तसं पुन्हा वाजवणं हर्ट यांना जमलं. माझ्या मते याचं कारण साधं आहे : आवाज फोडून गाण्याची त्यांची रीत नव्हती, त्यामुळे म्हातारपणाने त्यातून काढून घ्यावं असं थोडंच होतं. साठच्या दशकातल्या ‘द लव्हिन’ स्पूनफुल’ या बँडने आपलं नाव त्यांच्या ‘कॉफी ब्लूज’मधूनच घेतलं.

शेवटी ते मिसिसिपीलाच परतले, तिथल्या ग्रेनाडा गावी. २ नोव्हेंबर १९६६ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. कबर अ‍ॅव्हलॉनजवळच्या रानात आहे. त्यांच्या नातीने त्यांचं जुनं लाकडी घर जपून तिथे संग्रहालय उभं केलं होतं. २०२४ मध्ये ते आगीत जळालं.