झेडएक्स 81 चा 16के रॅम पॅक : बिघाड नेमका कुठे आहे?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

झेडएक्स 81 या जुन्या घरगुती संगणकाचा रॅम पॅक (पाठीमागे लावायची जादा मेमरी) बंद पडला म्हणून कुणी फोन केला, की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पॅक काढून ठेवल्यावर मशीन चालतं का? पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात काळ्या चौकोनातला पांढरा 'के' (मशीन तयार असल्याची खूण) येत असेल, तर मशीन बहुतांशी ठीक आहे. पण म्हणून पॅकमधली मेमरी गेली, असं लगेच धरू नका. दुरुस्तीला आलेल्या कितीतरी पॅकमध्ये मेमरी चिप शाबूत निघते. दोष असतो तो जोडणीत, नाहीतर वीजपुरवठ्यात. या दोन्ही गोष्टी तुम्हाला घरी तपासता येतात, आणि पॅक उघडण्याआधी त्या तपासाव्यात अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. 1981 साली आलेल्या या मशीनमध्ये स्वतःची मेमरी फक्त 1के, म्हणजे 1,024 बाइट असते. पॅक लावला की तो एका तारेवरून आतल्या मेमरीला गप्प बसवतो, आणि सगळा कारभार पॅकमधल्या 16,384 बाइटवर चालतो. प्रोग्रॅम तिथे, पडद्यावरचा मजकूर तिथे, मशीनच्या स्वतःच्या नोंदीही तिथेच. त्यामुळे पॅकमध्ये थोडं काही बिनसलं तरी अख्खं मशीन मेल्यासारखं दिसतं. घाबरून जाऊ नका.

पॅक काढताना किंवा लावताना वीज बंदच हवी, भिंतीवरच्या बटणापासून. एज कनेक्टरवर (पॅक जिथे बसतो त्या मशीनच्या पट्टीवर) 5 व्होल्ट आणि 9 व्होल्ट हे संपर्क अगदी शेजारी शेजारी आहेत. चालू मशीनवर पॅक तिरका बसला, तर 9 व्होल्ट भलतीकडे जाऊन मशीन आणि पॅक दोन्ही कायमचे जाऊ शकतात. कनेक्टरमधली खाच जुळवणारी छोटी पट्टी तुमच्या पॅकमध्ये जागेवर आहे ना, तेही बघा. ती गळून पडली असेल तर पॅक एक घर सरकून बसू शकतो. अशा वेळी तो लावूच नका.

पॅक हलतो, हीच मुख्य तक्रार

हा पॅक मशीनच्या पाठीमागे नुसता अडकवलेला असतो, स्क्रू नाही की क्लिप नाही. मशीन वजनाला हलकं, आणि कळा सपाट असल्यामुळे त्या जरा जोरानेच दाबाव्या लागतात. प्रत्येक दाबाला मशीन किंचित डोलतं, पॅक मात्र जागीच राहतो, आणि 44 संपर्कांपैकी एखादा क्षणभर सुटतो. तेवढं पुरतं. ॲड्रेसची, म्हणजे मेमरीतला पत्ता सांगणारी, एक तार सुटली, की प्रोसेसर भलत्याच जागेचा बाइट वाचतो. शिवाय मूळ पॅकमधल्या 4116 या मेमरी चिपांना दर 2 मिलिसेकंदांत उजळणी मिळावी लागते, नाहीतर त्या लिहिलेलं विसरतात. तासभर टाइप केलेला प्रोग्रॅम असा एका झटक्यात जातो. ते दुःख आम्हाला चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच हा भाग सविस्तर लिहीत आहोत.

वीज बंद करून पॅक काढा आणि मशीनच्या पट्टीवरचे संपर्क उजेडात तिरके धरून पाहा. ते चकचकीत नसून राखाडी, मळकट दिसतील. त्यांच्यावर कथलाचा थर असतो, सोन्याचा नव्हे, आणि कथलावर काळाने ऑक्साइड चढतो. धागे न सुटणारं कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पट्टीच्या लांबीला काटकोनात, म्हणजे संपर्काच्या दिशेने, दोन्ही बाजूंनी पुसा. कापडावर काळे ओघळ उमटायचे थांबेपर्यंत पुसत राहा. पॉलिश पेपर मुळीच वापरू नका. त्याने एकदा फरक पडल्यासारखा वाटतो, पण थर निघून उघडं पडलेलं तांबं पुढे आणखी लवकर काळं पडतं. पॅकच्या बाजूला त्याच अल्कोहोलचे थेंब सोडून पॅक चार-पाच वेळा घाला-काढा, आणि पूर्ण वाळल्यावरच वीज द्या.

एवढं करूनही अधूनमधून मशीन रीसेट होत असेल, तर पॅकखाली त्याच उंचीचा फोमचा तुकडा सरकवा. मग बरं चाललं, तर रोग सापडला. एका सपाट फळीवर मशीन आणि पॅक दोन्ही वेल्क्रोने पक्के करा, म्हणजे ते एकत्र हलतील. रिबन केबल लावूनही पॅक वेगळा ठेवता येतो, पण ती जितकी आखूड तितकी चांगली.

मशीनलाच विचारा

'के' आल्यावर हे टाइप करा:

प्रिंट पीक 16388 + 256 * पीक 16389

'पीक' (त्या पत्त्यावरचा बाइट वाचणारी आज्ञा) अक्षरं जोडून लिहायचं नाही. शिफ्ट आणि न्यूलाइन दाबून फंक्शन मोड घ्या, मग 'ओ' ही कळ. उत्तर 32768 आलं तर मशीनला सगळे 16के मिळाले. 17408 आलं तर ते स्वतःच्या 1के वरच चाललं आहे, पॅक त्याला दिसतच नाही. बहुधा जोडणी झालेली नाही. मधलाच एखादा आकडा आला, तर साधारण त्या पत्त्यावर मेमरी नापास झाली आहे. तो आकडा लिहून ठेवा, आम्हाला फार उपयोगी पडतो. 32के किंवा 64के च्या पॅकवरही 32768 च येतं. तो दोष नव्हे, मशीन सुरू होताना 32768 च्या पुढची मेमरी तपासतच नाही.

मात्र 32768 आलं म्हणजे मेमरी निर्दोष, असंही नाही. मशीन सुरू होताना रॉम, म्हणजे त्यातला कायमचा प्रोग्रॅम, प्रत्येक बाइटमध्ये 2 लिहून तो दोनदा एकेकाने कमी करून बघतो. वरचे सहा बिट या चाचणीत कायम शून्यच राहतात, त्यामुळे एखाद्या जागी वरचा बिट शून्यावर अडकला असेल तर तो सुटून जातो. त्यासाठी हा छोटा प्रोग्रॅम:

10 फास्ट
20 फॉर ए = 20000 टू 32000
30 पोक ए, 170
40 इफ पीक ए <> 170 देन प्रिंट ए
50 पोक ए, 85
60 इफ पीक ए <> 85 देन प्रिंट ए
70 नेक्स्ट ए

170 आणि 85 मिळून आठही बिट एकदा चालू, एकदा बंद होतात. चाचणीला बराच वेळ लागतो आणि तोवर पडदा कोरा राहतो, धीर धरा. शेवटी एकही आकडा न उमटता 0/70 आलं तर एवढा भाग चांगला आहे.

वीजपुरवठा

मल्टिमीटर वापरता येत असेल तरच पुढचं करा. पॅक लावून मशीन चालू असताना आतल्या 7805 रेग्युलेटरच्या (व्होल्टेज 5 वर स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) आउटपुटला 4.75 ते 5.25 व्होल्ट हवेत. इनपुट 7 च्या खाली घसरत असेल तर ॲडॅप्टर थकला आहे: पॅकशिवाय तो निभावून नेतो, पॅकचा भार पडला की कोलमडतो. पर्यायी ॲडॅप्टर घेताना 9 व्होल्ट डीसी आणि पिनचं टोक पॉझिटिव्ह, हे दोनदा तपासा. वीज, इअर आणि माइक या तिन्ही जागा एकाच मापाच्या आहेत, तिथेही घाई नको.

मूळ पॅकमधल्या 4116 चिपांना 5 व्होल्टशिवाय 12 आणि उणे 5 व्होल्टही लागतात. ते पॅक स्वतः 9 व्होल्टपासून तयार करतो. उणे 5 नाहीसे झाले आणि बाकीचे चालू राहिले, तर चिप तापून मरतात. म्हणून पॅकला नेहमीपेक्षा जास्त चटका लागत असेल तर 'अजून एकदा बघू' असं करू नका, लगेच बंद करा. स्टॅटिक रॅमच्या नव्या पॅकला फक्त 5 व्होल्ट लागतात, त्यात हा प्रकार नाही.

दुरुस्तीला पाठवताना

मध्यंतरी एक पॅक आमच्या टेबलावर सकाळभर बिनतक्रार चालला आणि गिऱ्हाइकाकडे गेला की पंधरा मिनिटांत बंद. शेवटी त्यांचं मशीन मागवून घेतलं. भिंगाखाली दिसलं ते असं: कनेक्टरच्या एका पिनभोवती सोल्डरला केसाएवढी गोल भेग. त्यांच्या मशीनचा रेग्युलेटर जास्त तापायचा, त्या उष्णतेने ती उघडायची आणि थंडावल्यावर पुन्हा मिटायची. म्हणून पॅक एकटा पाठवू नका. मशीन आणि ॲडॅप्टरही सोबत द्या, पण पॅक मशीनला लावलेला नको. प्रत्येक वस्तू वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, थर्माकोल थेट बोर्डाला लागू देऊ नका. आणि एका कागदावर लिहा: किती वेळाने बंद पडतं, तेव्हा पडद्यावर काय दिसतं, वरच्या चाचणीत कोणता आकडा आला.