उपकरणाचा क्लेम नाकारला? विमा लोकपालाकडे जाण्याआधी

आधी आरोग्य विम्याच्या पॉलिसीची पूर्ण प्रत काढा, जाहिरातीचं पत्रक नव्हे. तिच्या शेवटी, ज्यांचे पैसे मिळत नाहीत अशा वस्तूंची यादी असते. वॉकर, गुडघ्याचा ब्रेस, नेब्युलायझर किट, घरी वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर हे बहुधा त्यात सापडतंच. त्यासाठी वेगळं कव्हर घेतलं नसेल, तर भांडून फारसं हाती लागत नाही. स्टेंट, पेसमेकर, कृत्रिम सांधा या शरीरात बसवलेल्या वस्तूंची (इम्प्लांटची) गोष्ट निराळी. तिथे नकार आला तर सोडू नका.

नकार लेखी घ्या, आणि तोही विमा कंपनीचा. टीपीएचा, म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेचा, मेसेज पुरत नाही. पॉलिसीच्या कोणत्या अटीवर बोट ठेवून क्लेम नाकारला, हे कंपनीने सांगायलाच हवं. ‘नियमानुसार देय नाही’ हे उत्तर नव्हे, बोळवण आहे.

बाकी कागद जमतात. घोडं अडतं डॉक्टरांच्या पत्रावर. डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ चालत नाही. निदान काय, तपासणीत काय आढळलं, हेच उपकरण का आणि साध्याने का भागलं नसतं, एवढं लेटरहेडवर सही-शिक्क्यासह हवं. डॉक्टर घाईत असतात, म्हणून मुद्दे लिहूनच न्या. इम्प्लांटचा स्टिकर आणि त्याचं वेगळं बिल घरी जायच्या दिवशीच मागा. नंतर रेकॉर्ड विभागात खेटे घालावे लागतात आणि तिथे कुणालाच घाई नसते.

लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, थेट जाता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, पोच जपा. उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभरात आलंच नाही, तर पुढे जा. तिथून मुदत एक वर्षाची. इथेच भलेभले फसतात: कंपनीला स्मरणपत्रं पाठवत बसतात आणि प्रत्येक पत्राने मुदत वाढली असं धरून चालतात. ती वाढत नाही.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत. अर्ज ऑनलाइनही होतो. ५० लाखांपर्यंतची भरपाई मागता येते, फी नाही, वकील चालत नाही. त्याच वादाची केस ग्राहक आयोगात चालू असेल तर मात्र तक्रार घेत नाहीत. निवाडा कंपनीला बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. तुम्हाला पटला नाही, तर ग्राहक आयोगाचं दार उघडंच आहे.