थायमस ऊतक प्रत्यारोपण

थायमस (यौवनलोपी ग्रंथी) नसलेल्या बाळाच्या मांडीच्या स्नायूत दुसऱ्या बाळाच्या थायमसचे काप रोवण्याची शस्त्रक्रिया. अस्थिमज्जेतून येणाऱ्या कच्च्या टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) थायमसमध्ये पक्व होतात. शरीरावरच उलटू शकणाऱ्या पेशी तिथेच बाद होतात. ग्रंथीच नसेल तर मज्जा धडधाकट असूनही उपयोग शून्य. स्किड (तीव्र जन्मजात प्रतिकारशक्ती-अभाव) या आजारात दोष मज्जेतल्या मूळपेशींत असतो, म्हणून तिथे मज्जा प्रत्यारोपण चालते. थायमस नसलेल्या बाळाला मज्जा दिली तर दात्याच्या तयार टी-पेशी काही काळ तग धरतात, नव्या बनत नाहीत. या दोन आजारांची गल्लत फार महागात पडते.

थायमस नसण्याची मुख्य कारणे म्हणजे पूर्ण डायजॉर्ज (थायमसबरोबर हृदय आणि कॅल्शियमचेही दोष असणारा जन्मजात विकार) व चार्ज (अनेक अवयवांत दोष असणारा जन्मजात विकार) हे विकार आणि थायमसच्या घडणीसाठी लागणाऱ्या फॉक्सएन१ जनुकातील दोष.

पुण्यात असे बाळ बहुधा आधी हृदयदोषासाठी किंवा कॅल्शियम उतरून आलेल्या झटक्यांसाठी दाखल होते. भारतात नवजातांची ट्रेक चाचणी (नव्या टी-पेशी बनतात का हे दाखवणारी रक्तचाचणी) सरसकट होत नाही, त्यामुळे साध्या सीबीसीकडे (रक्तपेशींच्या मोजणीकडे) नीट पाहावे लागते. उदाहरणार्थ, घनमिलिमीटरला एकूण पांढऱ्या पेशी ८,००० आणि त्यांत लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पेशी) २० टक्के, म्हणजे १,६००. प्रौढांची मर्यादा छापलेल्या रिपोर्टवर हा आकडा नॉर्मल दिसतो. तान्ह्या बाळात ३,००० च्या खालचा आकडा संशयास्पदच. एक्स-रेवर थायमसची सावली नसणे हा पुरावा नव्हे, कारण आजारपणाच्या ताणानेही ती आक्रसते. पुढची पायरी फ्लो सायटोमेट्री, म्हणजे टी-पेशींचे प्रकार वेगळे मोजणारी चाचणी. मुंबईत परळच्या एनआयआयएच (राष्ट्रीय प्रतिकाररक्तविज्ञान संस्था) येथे ती होते. नमुना ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत, फ्रीजमध्ये न ठेवता, ताजा पोचवावा. नवख्या (थायमसमधून नुकत्याच आलेल्या) टी-पेशी घनमिलिमीटरला ५० पेक्षा कमी असतील तर निदान बळावते.

संशय येताच बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत लसी थांबवाव्यात. अडचण अशी की आपल्याकडे बीसीजी व पोलिओचा डोस बाळ घरी जाण्याआधीच दिला जातो. रक्त द्यायचेच झाले तर किरणांचा मारा करून घेतलेली (इरॅडिएटेड) आणि सीएमव्ही या विषाणूपासून मुक्त पिशवी मागावी. हृदयशस्त्रक्रियेच्या घाईत नेमके हेच राहून जाते.

ऊतक मिळते ते नऊ महिन्यांपर्यंतच्या, हृदयशस्त्रक्रिया होत असलेल्या बाळांकडून. हृदयापर्यंत पोचायला थायमसचा भाग काढावाच लागतो, एरवी तो टाकूनच दिला जातो. त्याचे पातळ काप १२ ते २१ दिवस पोषक द्रवावर वाढवतात. या काळात दात्याच्या बहुतेक टी-पेशी निघून जातात आणि त्या ग्राहकाच्या शरीरावर उलटण्याचा धोका घटतो. मात्रा बाळाच्या शरीराच्या पृष्ठफळावर ठरते. मांडीच्या पुढच्या स्नायूत छोटे खिसे करून एकेक काप ठेवतात व टाका घालतात. दाता व ग्राहक यांची एचएलए (ऊतक-प्रकार) जुळणी लागत नाही. अंगावर पुरळ आणि आधीच्याच बिघडलेल्या टी-पेशी असलेल्या बाळांना मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये एफडीए या औषध नियामक संस्थेने याला मान्यता दिली. हे काम मुख्यतः अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ (डरहॅम) आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात होते, त्यामुळे पुण्यातल्या कुटुंबाला परदेशाचा रस्ता धरावा लागतो. नव्या टी-पेशी दिसायला सहसा सहा ते बारा महिने लागतात, कधी दोन वर्षेही. तोवर बाळाला इतरांपासून अलग ठेवणे, इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) आणि संसर्ग-प्रतिबंधक औषधे चालूच राहतात. चाचण्यांत वर्षभरानंतर जिवंत असलेल्या बाळांचे प्रमाण सुमारे ७७ टक्के होते. मृत्यू बहुधा प्रत्यारोपणाआधीच जडलेल्या संसर्गाने, पहिल्या वर्षातच होतात. पुढे थायरॉइडचा दाह किंवा रक्तपेशी घटणे असे स्वप्रतिकाराचे विकार काहींना होतात, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि सीबीसी ठरावीक काळाने तपासतात. हृदयदोष आणि उतरणारे कॅल्शियम यांवर या प्रत्यारोपणाचा काही परिणाम होत नाही. त्यांचे उपचार वेगळे चालू ठेवावे लागतात.