वाय-फाय तुटते तेव्हा दोष लॅपटॉपचाच असतो का?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वाय-फाय सतत तुटते म्हणून कार्यालयातील लॅपटॉप बदलण्याच्या तयारीने अनेक ग्राहक आमच्याकडे येतात आणि त्यांचा तोच लॅपटॉप आमच्या दुकानात तासभर विनातक्रार चालतो. नवीन यंत्राची विक्री हा आमचा व्यवसाय असला, तरी दोष रूटरच्या जागेत असताना लॅपटॉपवर खर्च करायला लावणे आम्हाला योग्य वाटत नाही. म्हणून खरेदीचा निर्णय घेण्यापूर्वी पुढील तपासणी आपल्या जागेवरच करून पाहावी, अशी विनंती आहे.

प्रथम, जिथे वाय-फाय तुटते त्याच टेबलावर मोबाइल ठेवावा, त्याचा मोबाइल डेटा बंद करून तो त्याच वाय-फायला जोडावा आणि एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. मोबाइलवरही अडथळा येत असेल, तर दोष लॅपटॉपचा नसून रूटरचा, जागेचा किंवा इंटरनेट सेवेचा आहे. त्यानंतर लॅपटॉप रूटरपासून दोन-तीन मीटरवर नेऊन तीच चाचणी करावी. तिथेही वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसत असून एकही संकेतस्थळ उघडत नसेल, तर बहुधा बाहेरून येणारी लाइनच बंद असते. मात्र नेटवर्कच्या तपशिलात आयपी पत्ता (नेटवर्कवर लॅपटॉपला मिळणारा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला रूटरकडून पत्ताच मिळालेला नाही; अशा वेळी रूटर बंद करून पुन्हा चालू केल्यास बहुतेक वेळा काम भागते.

जागेचा प्रश्न सोलापुरात विशेष जाणवतो. गावठाणातील जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड भिंतींमधून वाय-फायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झच्या लहरी फारशा पार जात नाहीत, आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत तर पत्र्याची शेड, लोखंडी मांडण्या आणि यंत्रमागांच्या रांगा यांच्यावर आपटून लहरी परत फिरतात. त्यातच रूटर लोखंडी कपाटावर किंवा कपाटामागे ठेवलेला आढळतो. तो दिसायला नको हे समजण्यासारखे आहे, परंतु धातूआड ठेवलेल्या रूटरकडून पलीकडच्या खोलीत सिग्नल पोहोचण्याची अपेक्षा धरू नये. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक दूर जातात, पण तिथे गर्दी असते. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल म्हणून सर्वसाधारणपणे १, ६ आणि ११ हे तीनच वापरले जातात, आणि नवी पेठेसारख्या दाट बाजारपेठेत शेजारपाजारचे सगळे रूटर त्यांतच दाटीवाटीने बसलेले असतात. म्हणून कार्यालय एकाच खोलीत असल्यास ५ गिगाहर्ट्झ निवडावे. शेडमध्ये किंवा दोन मजल्यांवर काम असल्यास केबल टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट (रूटरचे वाय-फाय पुढे पसरवणारे उपकरण) बसवावा. हा खर्च नव्या लॅपटॉपपेक्षा बराच कमी येतो.

वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण रूटर बंद पडतो, आणि तक्रार मात्र लॅपटॉपच्या नावावर नोंदली जाते. रूटरला जोडण्याचा छोटा यूपीएस यावर पुरेसा उपाय आहे. फक्त रूटरच्या अडॅप्टरवरील व्होल्ट पाहून तो घ्यावा.

मोबाइल चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, असे दिसले तरच दोष लॅपटॉपकडे येतो. तेव्हा एअरप्लेन मोड चुकून चालू झाला आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर लॅपटॉप ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करावा, कारण विंडोजमधील फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केल्याने यंत्रणा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही आणि अडकलेला ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) तसाच अडकून राहतो. लॅपटॉप स्लीप मोडमधून उठल्यावरच वाय-फाय गायब होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय ॲडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधील, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा काढून टाकावी. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. नेटवर्क रीसेट हा शेवटचा उपाय आहे, कारण त्यात साठवलेले वाय-फायचे सर्व पासवर्ड पुसले जातात आणि व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कला बाहेरून सुरक्षितपणे जोडणारी सोय) पुन्हा बसवावे लागू शकते. वायरलेस माउस अडखळत असेल, तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३.० हार्ड डिस्कच्या शेजारून काढून दुसऱ्या बाजूला लावावा; अशा डिस्क आणि त्यांच्या केबल नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अडथळा निर्माण करतात.

एवढे करूनही नवीन लॅपटॉप घ्यायचे ठरले, तर प्रोसेसरच्या नावापेक्षा तपशीलपत्रकातील खालच्या ओळी अधिक काळजीपूर्वक वाचाव्यात. वाय-फाय ६ आणि त्यापुढे २×२, म्हणजे दोन अँटेना, असे लिहिलेले असावे. स्वस्त मॉडेलमध्ये कधी कधी १×१ कार्ड असते. वाय-फाय कार्ड सुटे आहे की मदरबोर्डवर डकवलेले, हेही विचारावे, कारण सुटे कार्ड बिघडल्यास बदलता येते. रॅमबाबतही तोच प्रश्न आहे. हिशेब, जीएसटी विवरणपत्रे आणि ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या एकाच वेळी उघड्या राहणार असतील, तर १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण) घ्यावी. ८ जीबीची रॅम डकवलेली असेल, तर ते मॉडेल आम्ही सुचवत नाही.

लॅनची, म्हणजे नेटवर्क केबलची, खाच असलेले मॉडेल मिळत असेल, तर तेच घ्यावे. हिशेबाची डेटा फाइल दुसऱ्या संगणकावर ठेवून वाय-फायवरून उघडणाऱ्या कार्यालयांत, मध्येच जोडणी तुटल्यास नोंदी बिघडण्याचा धोका राहतो. त्या टेबलापर्यंत केबलच हवी. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी जुन्या चौकोनी यूएसबी खाचा किती आहेत, हे मोजावे. विंडोज ११ प्रो आवृत्तीत बिटलॉकरचे (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणाऱ्या सोयीचे) पूर्ण नियंत्रण आणि दुसऱ्या ठिकाणाहून लॅपटॉप चालवण्याची रिमोट डेस्कटॉप सोय मिळते. या दोन्हींची गरज नसल्यास होम आवृत्ती चालेल. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, त्यामुळे जुना साठा स्वस्तात मिळत असला, तरी तो विंडोज ११ वर जाऊ शकतो का, हे आधी पाहावे.

अनेक लॅपटॉपच्या तपशीलपत्रकांत वापरासाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान दिलेले असते, आणि आपला उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात तर सुताचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीत बसतात. तिथे वापरायचा लॅपटॉप वर्षातून एकदा तरी आतून साफ करून घ्यावा, आणि जागेवर येऊन सेवा देणारी हमी थोडे अधिक पैसे देऊनही घ्यावी.

तपासणीसाठी लॅपटॉप आणताना चार्जर सोबत आणावा आणि वाय-फाय कोणत्या वेळी, कोणत्या टेबलावर तुटते, हे कागदावर लिहून आणावे. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आपल्याकडे आहे, याची खात्री करावी; मदरबोर्ड बदलावा लागल्यास ती विचारली जाते आणि ती आमच्याकडे नसते.