क्रीडमूर रायफल रेंज : सुरुवातीची वर्षं

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर, आताच्या क्वीन्स भागात असलेली जुनी रायफल रेंज. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या नेमबाजीची खरी सुरुवात इथूनच धरतात. यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैनिकांचा नेम फार कच्चा होता ही सल जॉर्ज विंगेट आणि विल्यम चर्च या अधिकाऱ्यांना लागून राहिली होती, त्यातून १८७१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन निघाली, आणि संघटना झाली तरी गोळ्या झाडायला जागा कुठाय हा प्रश्न होताच. पुढच्याच वर्षी क्रीड नावाच्या घराण्याच्या शेताची साधारण ७० एकर सपाट जमीन कॉनराड पॉपेनहुसेनच्या रेल्वे कंपनीकडून घेतली. किंमत २६,२५० डॉलर, त्यातले २५,००० राज्य सरकारने दिले. रेल्वेने जमीन स्वस्तात सोडली असं म्हणतात, रेंज झाली की प्रवासी वाढणार हा हिशोब त्यामागे असणारच. औपचारिक उद्घाटन जून १८७३ मधलं धरतात, थोडाफार सराव त्याआधीच सुरू झाला असावा.

सगळी मांडणी इंग्लंडच्या विम्बल्डन रेंजवरून उचललेली. टार्गेट लोखंडी पत्र्याचं, त्यावर मधोमध चौकोनी बुल, म्हणजे नेमाचा मुख्य भाग. गोळी आदळली की खड्ड्यात बसलेला माणूस काठीवरची चकती वर करून ती कुठे लागली ते दाखवायचा. बुलला ४, त्याबाहेरच्या चौकोनाला ३ आणि कडेच्या पट्ट्यांना २ गुण. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, काळ्या दारूची गोळी पोचायलाच तीन सेकंदांच्या आसपास लागतात, तेवढ्यात वारा फिरला तर नेम कितीही पक्का असो, गोळी बाहेर!

रेंजचं नाव झालं ते २६ सप्टेंबर १८७४ च्या आयर्लंड-अमेरिका सामन्यामुळे. सहा-सहा जणांचे संघ, ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक अंतरावर माणशी १५ गोळ्या. आयरिश लोकांकडे रिग्बीच्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून काडतूस भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. शेवटची गोळी अमेरिकेच्या कर्नल जॉन बोडाइनची, जिंजर बिअरची बाटली फुटून हात कापलेला, रक्त वाहतंय, आणि तशातही त्याने बुल मारला.

ठासणीची बंदूक त्या दिवशी हरली आणि मागून भरायची जिंकली असं बऱ्याच ठिकाणी लिहितात. पण अंतरवार आकडे बघितले तर हे तितकंसं पटत नाही. अमेरिकेचे ३२६, ३१० आणि २९८, आयर्लंडचे ३१७, ३१२ आणि ३०२, म्हणजे ९०० आणि १००० यार्डांवर ठासणीवालेच पुढे होते, अमेरिकेने कमावलं ते सगळं ८०० वर. शिवाय मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने एक गोळी चुकून शेजारच्या टार्गेटच्या बुलवर मारली, तिला शून्य मिळालं. ते ४ गुण धरले तर आयर्लंड ९३५ होतं. आणि १८० पैकी १७१ गुण काढून सगळ्यांत वर राहिलेला हेन्री फुल्टन रेमिंग्टनमध्ये दारू मागून पण गोळी तोंडाकडूनच घालायचा असं वर्णन आढळतं, मग त्याला कुठल्या बाजूला धरायचं? त्यामुळे मागून भरायची रायफल लांब पल्ल्यावरही ठासणीच्या तोडीची आहे एवढंच त्या दिवशी दिसलं, असं म्हणणारा पक्ष जास्त बरोबर वाटतो. आणि तेही काही थोडं नव्हतं, कारण तोवर जाणकारांना त्याचीच शंका होती.

१८७६ मध्ये पाल्मा करंडकाचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजीचा पहिला सामना इथेच झाला, नंतर मात्र जोर ओसरला. १८९० मध्ये जागा राज्याकडे गेली, १८९२ पासून मोठ्या स्पर्धा न्यू जर्सीच्या सी गर्टला हलल्या. आसपास वस्ती वाढली, भरकटलेल्या गोळ्यांच्या तक्रारी आल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमबाजी बंद पडली. १९१२ पासून तिथे मनोरुग्णालय आहे. नेमबाजांच्या तोंडी आज हे नाव येतं ते बहुतेक ६.५ क्रीडमूर या काडतुसामुळे, ते २००७ मध्ये हॉर्नाडी कंपनीने काढलं.