पार्श्वभूमी : ‘ग्रेपव्हाइन’ आधी कुणाचं?

‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ हे अमेरिकन गाणं म्हटलं की बहुतेकांना गायक मार्विन गे आठवतो. मग गायिका ग्लॅडिस नाइटचं गाणं आपोआप ‘कव्हर’, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा गायलेलं, ठरतं, आणि तारखा बघणारा एखादा जण उलट गेच्याच गाण्याला कव्हर म्हणून टाकतो. दोघांचंही चुकतं. नॉर्मन व्हिटफिल्ड या एकाच निर्मात्याने, मोटाऊन या एकाच रेकॉर्ड कंपनीत, वर्षभरात हे गाणं तीनदा वेगवेगळ्या गळ्यांतून काढून घेतलं. ‘मूळ’ हा शब्द इथे लावायचा तर आधी ठरवावं लागतं, की कुठलं मूळ : आधी गायलेलं, की आधी बाजारात आलेलं?

पहिल्यांदा ते गायलं मिरॅकल्स या गायकगटाने, ऑगस्ट १९६६मध्ये. १९६७च्या सुरुवातीच्या महिन्यांत मार्विन गेने. त्यानंतर, उन्हाळ्यात, ग्लॅडिस नाइट आणि तिचे साथगायक पिप्स यांनी. बाजारातला क्रम मात्र उलटा. नाइटचं गाणं सप्टेंबर १९६७मध्ये आलं आणि बाकीची दोन थेट ऑगस्ट १९६८मध्ये, तीही आधी फक्त अल्बममधली गाणी म्हणून.

हा उलटा क्रम झाला तो एका बैठकीमुळे. डेट्रॉइटच्या त्या कंपनीत कुठलं गाणं बाहेर काढायचं हे शुक्रवारच्या बैठकीत ठरे. मालक पूर्वी मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम केलेले. गाण्यांनाही गुणवत्ता तपासणी हवी, हा त्यांचा आग्रह. खिशात शेवटचा डॉलर उरला असेल तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच, असा प्रश्न तिथे विचारला जाई. या बैठकीत मिरॅकल्सचं गाणं नापास झालं आणि गेचंही. त्या वर्षी गेसाठी निवडलं गेलं ते कंपनीच्या हुकमी त्रिकुटाने लिहिलेलं एक प्रेमगीत.

या निर्णयाला आज सर्रास बहिरेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. गेचं गाणं आजच्या कानांनी नव्हे, १९६७च्या कानांनी ऐकून बघा. सुरुवातीला इलेक्ट्रिक पियानोचा तो दबकत येणारा तुकडा, त्यावर खंजिरीचा सळसळाट, मग व्हायोलिनं. निर्मात्याने हट्टाने पट्टी चढी ठेवली होती, गेच्या गळ्याला सहज झेपेल त्याहून वर; त्यावरून दोघांचं वाजलंही. म्हणून तो आवाज ताणलेला, किंचित फाटलेला येतो. प्रेयसी सोडून जाणार हे परक्यांकडून कळलेल्या माणसाचा गळा असाच लागेल. पण गेची ओळख तेव्हा देखण्या प्रेमगीतांचा गायक अशी होती. त्याच्या तोंडी हा संशय आणि ही भीती विकली जाईल का, ही शंका धंद्याच्या दृष्टीने अगदीच अनाठायी नव्हती.

नकार पचवून निर्मात्याने तेच गाणं नाइटकडे नेलं. त्या वर्षी अरीथा फ्रँकलिनने ‘रिस्पेक्ट’ गाऊन सगळ्यांना हलवून सोडलं होतं. त्याला तोड द्यायची होती. नाइट आणि पिप्सनी काही आठवडे खपून आवाजांची मांडणी बसवली. लय पळती, पियानो चर्चमधल्यासारखा ठोकलेला, आणि ओळीओळीला पिप्सचा जबाब. शब्दही फिरले. गेच्या गाण्यात पुरुषाने रडायचं नसतं अशी कबुली आहे. नाइट सरळ म्हणते, हे माझे अश्रू नीट बघ. तो कोसळतो, ती जाब विचारते. हे गाणं रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या, यादीत पहिलं आणि मुख्य यादीत दुसरं आलं. त्याला ‘आधीचा प्रयत्न’ म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

पुढे अल्बममधलं गेचं गाणं रेडिओवाल्यांनीच उचललं, तेव्हा कुठे मालकांनी ऑक्टोबर १९६८च्या अखेरीस त्याची एकल रेकॉर्ड (सिंगल) काढली. डिसेंबरपासून सात आठवडे ती पहिल्या क्रमांकावर होती. नाइट दुखावली. आपल्यासाठी केलेल्या साथीवरच गेचं गाणं चढवलं, असं तिचं म्हणणं. गेने ते नाकारलं. ध्वनिमुद्रणाच्या तारखा त्याच्या बाजूने आहेत, पण गाणं आधी लोकांपर्यंत नेलं होतं तिनेच.

शीर्षकातली ‘द्राक्षवेल’ म्हणजे आपलं कर्णोपकर्णी. तारायंत्राच्या काळात हा शब्दप्रयोग रुळला. गुलामीत जन्मलेल्या एका शिक्षणतज्ज्ञाच्या १९०१च्या आत्मकथनात, मळ्यांवरच्या गुलामांना यादवी युद्धाच्या बातम्या या ‘वेली’वरून पोचत असं लिहिलं आहे.

नंतर वेल बरीच पसरली. १९७०मध्ये क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या रॉक बँडने गाणं अकरा मिनिटांपर्यंत ताणलं, १९७९मध्ये स्लिट्स या बँडने त्याचं पंक केलं, १९८१मध्ये रॉजर या गायकाने ते टॉकबॉक्समधून, म्हणजे आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून, गाऊन पुन्हा रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आणलं. १९८६मध्ये तर कॅलिफोर्नियाच्या मनुकांच्या जाहिरातीत मातीच्या मनुका त्यावर नाचल्या. सगळ्यांत आधी गायलेलं मिरॅकल्सचं गाणं मात्र त्या काळात एकल रेकॉर्ड म्हणून आलंच नाही.